पडद्याखालचा हात

१

आमचं दुकान औंढ्याच्या चुडीबाजारात. नागनाथाच्या देवळाकडून खाली उतरलं, की आधी फुलवाल्या, मग कुंकवाचे ढीग, मग पितळेच्या घंट्या आन् समया, आन् त्याच्या पुढं आमची बांगडीवाल्यांची गल्ली. दर्शनाला आलेली बाई बांगड्या भरल्याबिगर गावाबाहेर पडत न्हाई. मग ती हिंगोलीच्या टेशनावर उतरून आलेली असो, न्हाई तर पुसेगावाकडून बैलगाडीत हाडं खिळखिळी करून आलेली असो.

मी गोजरबाई कासारीण. तोंडानं फटकळ हाये, पण हातानं मऊ हाये, असं सगळा बाजार म्हणतो. मालक, म्हंजे आमचे घरधनी, माल डोक्यावर घेऊन आठवडी बाजार फिरतात. दुकान मीच सांभाळते.

दुकानाच्या मधोमध जाड लाल पडदा हाये. पुढं मी, माझ्या पाट्या, आन् रस्त्यानं जाणारे-येणारे. पडद्याच्या मागं एक लहान खोली, आन् तिचं दार मागच्या बोळात उघडतं. देशमुखाच्या, जहागीरदाराच्या घरच्या गोषातल्या बाया त्या बोळानं येतात, पडद्यामागं पाटावर बसतात आन् पडद्याखालून हात पुढं करतात. हात दिसतो, बाई दिसत न्हाई. सासऱ्याच्या येळेपासून आमच्याकडं रीत हाये. नाव इचारायचं न्हाई, पडदा उचलायचा न्हाई, आन् पुढं आलेला हात रिकामा धाडायचा न्हाई.

आता बांगडी भरणं तुमाला सोपं वाटत असंल. निम्मं काम माझं असतं, निम्मं तिचं. मी पंजा दाबते, तवा ती हात ढिला सोडते, अंगठा आत घेते. तिचं तिला कळतही न्हाई, पण हात आपसूक मला मदत करून राहतो. सगळ्या बांगड्या चढल्या, की ती चुड्याला हात लावून नमस्कार करते आन् मी म्हणते, "भरल्या हातानं परत या." दिवसभर हेच तोंडात. शिंक यावी तसं ते माझ्या तोंडातून येतं.

माझी एकुलती एक लेक अनुसया. आमी तिला अनसा म्हणतो. लहानपणी तिच्या डाव्या हातावर तापलेल्या लाखेचा थेंब पडला व्हता. तळव्याच्या अंगानं, अंगठ्याच्या बुडाशी, चिंचोक्याएवढा चकचकीत डाग राहिला तो राहिलाच. आन् कासाराची लेक असून बांगडी भरायला बसली, की तिचं एकच तुणतुणं, "हळू गं आई!" मी म्हणायची, "अगं, अजून हात बी लावला न्हाई तर वरडतीस काहून?" आन् दोघी हसायचो.

त्या साली ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली व्हती.

२

लढाईचं साल व्हतं. वरल्या मुलखातून काचेचा माल येईनासा झाला व्हता, आन् हिरव्या बांगड्या तर मी फडक्यात गुंडाळून आतल्या डब्यात ठेवत व्हते. अनसाच्या चुड्यासाठी.

एके दिवशी सकाळी शालूबाई आली. ती आमच्या गल्लीतली सुईण. एरवी उंबऱ्यावरूनच च्या मागणारी बाई, त्या दिवशी नुस्ती दाराला टेकून उभी राहिली.

"धरमशाळेत चल," म्हणली. "कुण्या देशमुखाची सून दर्शनाला आली व्हती. गाडीतच पोट दुखायला लागलं. मी गेले तवर उशीर झाला व्हता. बाई बी गेली, लेकरू बी गेलं. सवाष्ण हाये, गोजरे. हिरवा चुडा भरायला पाहिजे."

दुकानाला लागूनच आमचं घर. तिथून अनसा बोलली, "आई, तू नको जाऊ."

माझ्या बी मनात तेच व्हतं. घरात दोन जिवांची लेक, आन् आपण असल्या कामाला जायचं? पण शालूबाई म्हणली, दुसरं कुणी यायला तयार न्हाई. सवाष्णीला रित्या हातानं न्यायचं का? मी डब्यातला थोडा हिरवा माल काढला, पदराखाली घेतला आन् गेले.

खोलीत अंधार व्हता. हळदीचा वास, वल्या कपड्यांचा वास. तिच्या तोंडावर पदर टाकलेला व्हता. तिची सासू भिंतीकडं तोंड करून बसली व्हती. मी हात हातात घेतला.

मेलेला हात मदत करत न्हाई. पंजा दाबला तर दबत न्हाई, अंगठा आत येत न्हाई, लाकडासारखा आडवा राहतो. एक एक बांगडी चढवताना माझ्या कपाळाला घाम आला. वयानं माझ्या अनसाएवढीच असंल. मी तिच्याशी बोलत व्हते, जशी गिऱ्हाइकाशी बोलते तशी. "झालं गं बाई, झालं, एवढी एक राहिली." भिऊन माणूस बोलतं तसंच. आन् शेवटची बांगडी चढली, मी तिचा हात खाली ठेवला, आन् माझ्या तोंडातून गेलं,

"भरल्या हातानं परत या."

सासूनं भिंतीकडचं तोंड माझ्याकडं फिरवलं आन् माझ्याकडं पाहत राहिली. शालूबाईनं मला दंडाला धरून बाहेर वढलं.

"जीभ जळो माझी," मी म्हणले.

"कोण ऐकतंय?" शालूबाई म्हणली. "गेलेल्या माणसाला काय कान असतात? चल घरी, डोक्यावरून पाणी घे."

मी म्हणले, व्हय, बराबर हाये. घरी येऊन डोक्यावरून पाणी घेतलं.

३

त्याच्यानंतर आठवडाभरानं असंल. भर दुपार. बाजारात कुत्रं सुद्धा न्हाई. अनसा घरात झोपली व्हती. मी तुटक्या बांगड्या वेगळ्या करत बसले व्हते, आन् पडद्याची खालची किनार हालली.

गोषातली बाई आली की मला आधीच कळतं. बोळातलं दार करकरतं, जोडवी फरशीवर वाजतात, पाट सरकतो. त्या दिवशी कायबी वाजलं न्हाई. नुस्ता हात आला. डावा. तळवा खाली. गोरा, सरळ, मनगटात काही न्हाई.

"या बाई," मी म्हणले. "हिरव्या न्हाईत हं, लढाईनं खाल्ल्या. लाल भरू का?"

गोषातल्या बाया बोलत न्हाईतच, त्याचं मला काय वाटलं न्हाई. हात हातात घेतला. गार व्हता. म्हणले, बोळात सावली असते, गार असंल. मग पंजा दाबला.

तो दबला न्हाई.

मी म्हणले, "हात ढिला सोडा बाई." पुन्यांदा दाबला. अंगठा आडवाच. धरमशाळेतल्या खोलीचा वास माझ्या नाकात आला. पण पुढं आलेला हात रिकामा धाडायचा न्हाई, हे हाडात भिनलेलं. माझे हात माझं ऐकेनात, ते आपलं काम करतच राहिले. लाल बांगड्या भरल्या. तोंड मात्र मी घट्ट मिटून घेतलं. दात दुखायला लागले, पण एक शबूद बाहेर येऊ दिला न्हाई. हात मागं गेला. किनार स्थिर झाली.

किती येळ तशीच बसले, कुणास ठाऊक. मग पडद्याला वळसा घालून आत गेले. खोली रिकामी. पाट भिंतीला उभा टेकवलेला, मी सकाळी ठेवला तसा. आन् बोळाच्या दाराला आतून कडी.

मनाशी म्हणले, कडी मीच लावली असंल, ती बाई गेल्यावर, ध्यान न्हाई राहिलं. उन्हाचं डोकं फिरतं माणसाचं. थकलेल्या बायांचे हात कडक असतातच की. असं लई काय काय म्हणले मी मनाशी.

४

तो हात पुन्यांदा आला. आन् पुन्यांदा. दर बारीला दुपारी, डावा, आन् दर बारीला मनगट उघडं. मी आधी भरलेल्या बांगड्या कुठं जात व्हत्या, मला ठावं न्हाई.

पण भ्या वाटायची खरी गोष्ट ती न्हाई. तो हात शिकून राहिला व्हता. दुसऱ्या बारीला अंगठा जरा हालला. मग एका दुपारी पंजा दाबला तर थोडा दबला. मग गारपणा कमी झाला. एखादं लेकरू पाणी प्यायला शिकतं तसा तो हात बांगडी भरून घ्यायला शिकून राहिला, आन् शिकवत मीच व्हते.

आन् इकडं अनसाचा हात मला वेगळा लागायला लागला.

एका सकाळी तिची येणी घालताना तिनं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. गारेगार. बोटं सुजलेली, ताठ. मी तिचा पंजा दाबून पाहिला. दबेना.

"हळू गं आई," ती म्हणली. पण हसली न्हाई. "मला अंगात लई जड वाटून राहिलं. दुपारी झोपते तवा असं वाटतं, कुणी हात धरून वढतंय."

मी शालूबाईला बोलावलं. तिनं डोळे पाहिले, पोट पाहिलं, पाय दाबून पाहिले. "रगत कमी हाये. सूज तर सगळ्यांलाच येते. तुलाच काय झालंय गोजरे? तोंड पांढरंफटक पडलंय तुझं."

रातीला जेवताना मालकांला सगळं सांगितलं. ते आधी हसले. "आजवर फुकट बांगड्या भरून घेणारं गिऱ्हाईक तुलाच भेटलं," म्हणले. मी रडायला लागले तवा त्यांचा घास हातातच राहिला. दुसऱ्या दिशी त्यांनी बोळाचं दार आतून फळ्या मारून बंद केलं. गोषातल्या बायांला आता घरी जाऊन भरू, म्हणले. आन् पडदा?

"पडदा राहू दे," मीच म्हणले. "घरात पोरगी हाये, रस्त्यावरून सगळं दिसतं."

हे मी म्हणले. मालक न्हाई, मीच.

हात यायचा बंद झाला. अनसा बी जरा हिंडायफिरायला लागली. मी नागनाथाला नारळ फोडला, आन् मला वाटलं, सुटलो.

५

मग व्याही आले. अनसाचे सासरे, हिरवं लुगडं आन् खारीक-खोबरं घेऊन. पावणे बैलगाडीतून उतरून दुकानाच्या ओट्यावरच बसले. म्हणले, "सुनेला हिरवा चुडा भरा. घरी गेल्यावर तिच्या सासूला सांगायला पाहिजे, माझ्यासमोर भरला म्हून."

सासऱ्यासमोर सून कशी बसणार? मी नको म्हणायच्या आधीच अनसा डोक्यावरून पदर घेऊन पडद्यामागं गेली. पाट सरकल्याचा आवाज आला. तिची जोडवी वाजली, जुन्या बांगड्या उतरवल्या त्या वाजल्या. मी ते आवाज कानात प्राण आणून ऐकले. माझीच लेक हाये, मनाशी म्हणले. दार बंद हाये. भर सकाळ हाये. ओट्यावर व्याही पान खाऊन राहिलेत.

राखून ठेवलेला हिरवा माल मी काढला.

"डावा दे," मी म्हणले.

"आई, लवकर कर," अनसा आतून बोलली. "इथं गार लागून राहिलं."

पडद्याची किनार उचलली. हात आला. त्याच्या शेजारी आणखी एक हात आला.

दोन्ही डावे.

मी वरडले न्हाई. का न्हाई वरडले ते देवाला माहीत. व्याही इतक्या जवळ व्हते, मागून त्यांच्या पानाचा वास येत व्हता. दोन्ही हात सुजलेले, दोन्ही गोरे, दोन्ही तळवे खाली. दोन्ही मनगटं उघडी. मी दोन हातांनी दोन्ही हात धरले.

एक गार. ताठ. लाकडासारखा.

दुसरा ऊन. मी नुस्तं बोट लावलं, तर तो ढिला झाला, अंगठा आपसूक आत आला.

जन्मभर हेच केलंय मी. ढिला हात जिवंत, ताठ हात मेलेला, हे मला अंधारात कळतं, झोपेत कळतं. मी गार हात सोडला. ऊन हात दोन्ही हातांनी गच्च धरला आन् सगळा जीव लावून पुढं वढला.

पडदा फुगला. त्याच्या खालून, पदर सावरत, अनसा माझ्या मांडीवर येऊन पडली. माझी अनसा. तेच नाक, तेच कपाळ, तेच पोट. माझ्या गळ्याला मिठी मारली तिनं. "काय झालं, काय झालं?" म्हणत व्याही उठून उभे राहिले.

आन् तो दुसरा हात मागं जाऊन राहिला व्हता. सावकाश. जाता जाता तो उलटा झाला, कुणी काही मागावं तसा. अंगठ्याच्या बुडाशी, चिंचोक्याएवढं, काहीतरी चकाकलं.

पडद्यामागून, लई लांबून आल्यासारखं कुणी बोललं,

"हळू गं आई."

माझ्या मांडीवरची अनसा माझ्याकडं पाहून हसत व्हती. तिचं तोंड मिटलेलं व्हतं.

मी पडदा कड्यांसकट उपटला. आत पाट व्हता. दाराच्या फळ्या जशाच्या तशा. फरशीवर माणूस न्हाई, काणूस न्हाई.

६

बाळंतपण इतकं सोपं झालं, की शालूबाई अजून सांगत फिरते. पोरीनं हूं का चूं केलं न्हाई, म्हणते. पोरगा झाला, गुटगुटीत. व्याह्यांनी गल्लीत साखर वाटली.

मी तिचा डावा हात उलटा करून पाहिला. डाग न्हाई. साफ, लोण्यासारखा तळवा.

"गेला असंल आई," ती म्हणली. "बाळंतपणात कातडं बदलतं."

बदलत असंल. शालूबाईला इचारलं, ती बी म्हणली, काय सांगावं, असंल. मालक म्हणले, "लेक सुखरूप हाये, नातू मांडीवर हाये, आन् तू रडून राहिलीस काहून?" तिला सगळं आठवतं. लाखेचा थेंब कसा पडला ते आठवतं, लहानपणीची भांडणं आठवतात. नातवाला पाजताना गाणं म्हणते, तेही माझंच. नुस्तं एवढंच, की तिला बांगड्या भरायला बसले, तर ती 'हळू गं' म्हणत न्हाई. हात माझ्या हातात देते आन् माझ्या तोंडाकडं पाहत बसते. इतका सोपा हात मी जन्मात भरला न्हाई.

सासरी निघाली तवा गाडीत बसून तिनं चुड्याला हात लावून नमस्कार केला. आन् थांबली. बैल जुंपलेले, सगळे पाहून राहिलेले, आन् ही माझ्या तोंडाकडं पाहत थांबलेली.

"म्हण ना आई," म्हणली.

माझं तोंड उघडलं न्हाई. गाडी गेली.

मालक म्हणतात, आता पडदा नको, दार मोकळं कर, दुकान उजेडाचं कर. दार मी मोकळं केलं. पडदा मात्र धुतला, फाटलेल्या जागी टाके घातले आन् जागेवर बांधला.

कारण हात येतो. दुपारी, बाजार निजला की. डावा, गारेगार, ताठ. मी तो आधी उलटा करते, डागावरून अंगठा फिरवते, मग भरते. रडू येतं, पण हात हालू देत न्हाई. हळू भरते. आता लई हळू भरते. तिनं कधी तोंडानं म्हणायची गरज पडू नये, इतकं हळू. सगळ्या चढल्या, की तो हात दोन्ही हातांत धरून म्हणते, "भरल्या हातानं परत ये, माय. परत ये."

काल अंगठा जरासा हालला.

उद्या इथल्या देशमुखाची धाकटी सून यायची हाये, गोषातली, हिरवा चुडा भरायला. पहिलटकरीण हाये. तिची सासू सकाळीच सांगून गेली, पोरगी नाजूक हाये, जरा सांभाळून भरा म्हून. मी म्हणले, धाडा, धाडा. पडद्यामागं पाट मांडून ठेवते.